फुकटच्या कामालाही परवाना का लागतो?

समजा, सोलापुरात सात रस्त्याजवळ राहणारी एक तरुण फिजिओथेरपिस्ट आहे. युरोपातल्या एका संस्थेनं तिला अपंग मुलांच्या केंद्रात काही महिने काम करायला बोलावलं. पगार नाही. राहण्याजेवण्याची सोय संस्था करणार, विमानाचं तिकीट हिनं स्वतः काढायचं. नातेवाइकांनी कौतुक केलं, दवाखान्यानं रजा दिली, मामानं बॅग आणून दिली आणि व्हिसाचा अर्ज नामंजूर झाला. मग घरात जो प्रश्न उठतो तो असा: पोरगी त्यांच्याच मुलांची सेवा करायला, तीही पदरमोड करून, निघाली होती. हो म्हणायला त्यांचं काय जात होतं?

प्रश्न रास्त आहे. पण त्यात एक गृहीत दडलेलं आहे. व्हिसा म्हणजे चांगल्या माणसाला मिळणारं चांगल्या वागणुकीचं प्रमाणपत्र, असं आपण धरून चालतो. व्हिसा अधिकारी मात्र तुमच्या मनाचा चांगुलपणा मोजायला बसलेला नसतो. तुम्ही नक्की काय करायला येताय, त्या कामाला त्यांच्या कायद्यात कोणता प्रकार आहे आणि काम संपल्यावर तुम्ही परत जाल का, एवढंच तो पाहतो. या तीन प्रश्नांची उत्तरं कागदावर जुळली नाहीत, तर सेवाभाव कितीही खरा असला तरी अर्ज अडतो.

परदेशी सेवेला निघालेल्यांची वाट कागदांनी अडण्याचा प्रकार नवा नाही. त्यातलं एक ठळक उदाहरण तर सोलापूरच्याच माणसाच्या पथकात घडलं.

१९३८ : अडवणूक घरातूनच

जपाननं चीनवर आक्रमण केल्यानंतर चिनी सेनानी चू ते यांनी जवाहरलाल नेहरूंकडे डॉक्टर पाठवण्याची विनंती केली. १९३८ साली काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस होते. त्यांनी देशाला आवाहन केलं, निधी गोळा झाला आणि पाच डॉक्टरांचं पथक ठरलं. अलाहाबादचे मदनमोहन अटल, नागपूरचे चोळकर, बंगालचे देवेश मुखर्जी आणि सोलापूरचे द्वारकानाथ शांताराम कोटणीस ही त्यातली चार नावं. बंगालमधून आधी निवड झाली होती रणेन सेन यांची. ते कम्युनिस्ट चळवळीत होते, म्हणून ब्रिटिश सरकारनं त्यांना पासपोर्टच दिला नाही. त्यांच्या जागी विजयकुमार बसू गेले. १ सप्टेंबर १९३८ रोजी ‘राजपुताना’ जहाजानं पथक मुंबईहून निघालं.

यातली गंमत लक्षात घ्या. चीननं सेन यांना नाकारलं नव्हतं. चीन तर डॉक्टरांची वाट पाहत होता. त्यांना अडवलं ते ज्या सरकारचे ते प्रजाजन होते त्या सरकारनं. लोकमान्य टिळकांच्या वाट्यालाही हे आलं होतं. १९१८ साली होमरूलचं शिष्टमंडळ घेऊन ते इंग्लंडला निघाले, कोलंबोपर्यंत पोचले आणि तिथं त्यांचे पासपोर्ट रद्द झाल्याचं कळलं. पुढे पत्रकार चिरोल यांच्यावर त्यांनी भरलेल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यासाठी त्याच वर्षी त्यांना परवानगी मिळाली, तीही राजकीय प्रचार न करण्याच्या अटीवर.

त्याही आधीच्या काळातल्या प्रवाशांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. १८८३ साली आनंदीबाई जोशी कोलकात्याहून अमेरिकेला निघाल्या, तेव्हा त्यांच्या वाटेत समाज होता, पैसा होता, समुद्र होता, व्हिसा नव्हता. पासपोर्ट आणि व्हिसाची सक्ती जगभर घट्ट झाली ती पहिल्या महायुद्धात, हेरांच्या भीतीनं. युद्ध संपलं, सक्ती राहिली.

स्वतंत्र भारतातही पासपोर्ट बराच काळ सरकारच्या मर्जीवर मिळत असे. १९६७ साली सतवंत सिंग साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं परदेशी जाण्याचा हक्क हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग ठरवला आणि त्याच वर्षी पासपोर्ट कायदा आला. पासपोर्ट कोणत्या कारणांनी नाकारता येईल हे त्यात लिहिलेलं आहे. १९७८ च्या मनेका गांधी खटल्यानं हा हक्क आणखी पक्का केला. त्यामुळे आज रणेन सेन यांच्यासारखी अडवणूक झाली, तर सरकारला कारण द्यावं लागतं आणि दाद मागता येते.

म्हणजे आपल्या बाजूची अडचण बरीचशी सुटली. उरली ती समोरच्या बाजूची.

ओसरी आणि स्वयंपाकघर

पासपोर्ट तुमचा देश देतो. हा माणूस आमचा आहे आणि त्याला आम्ही परत घेऊ, एवढंच तो सांगतो. व्हिसा दुसरा देश देतो, आणि तो तुमचा हक्क नसतो.

खेड्यातल्या जुन्या वाड्याचा विचार करा. ओळखीचा पाहुणा आला तर त्याला ओसरीवर बसवतात, चहा देतात, दोन दिवस राहा म्हणतात. तोच पाहुणा उठून थेट स्वयंपाकघरात शिरला आणि ज्वारीच्या भाकरी थापायला बसला तर? तो मदतच करतोय, पैसेही मागत नाही. तरी घरातली बाई विचारणारच: याला आत कुणी सोडलं, हात धुतले का, आणि रोज भाकरी करायला येणाऱ्या मावशींनी आता काय करायचं? पर्यटक व्हिसा ही ओसरीवरची परवानगी आहे. स्वयंसेवक आत शिरून काम करतो. त्याला वेगळी परवानगी लागते, आणि त्या बाईचे तिन्ही प्रश्न परदेशी कायद्यांमध्ये जसेच्या तसे आहेत.

मावशींचा प्रश्न आधी घेऊ. पगार न घेता काम करणारा परदेशी माणूस स्थानिक माणसाची नोकरी खाऊ शकतो. एखाद्या शेतमालकानं किंवा हॉटेलवाल्यानं दहा परदेशी ‘स्वयंसेवक’ जेवणाखाण्यावर ठेवले, तर त्याला मजुरी द्यावीच लागत नाही. असे प्रकार खरोखर होतात. म्हणून अनेक देशांत काम या संकल्पनेत बिनपगारी कामही येतं. तुम्हाला पैसे मिळतात का, हा त्यांच्या दृष्टीनं दुय्यम प्रश्न. तुम्ही जे करताय ते एरवी कुणाला पगार देऊन करून घ्यावं लागलं असतं का, हा मुख्य प्रश्न.

हात धुण्याचा प्रश्न म्हणजे पात्रतेचा. डॉक्टर, नर्स, फिजिओथेरपिस्ट यांना आपल्याकडची पदवी तिकडे आपोआप चालत नाही. रुग्णाला हात लावायचा तर तिथल्या परिषदेची नोंदणी, निदान तात्पुरती परवानगी लागते. ती नसेल आणि अर्जात ‘रुग्णसेवा’ लिहिलं असेल, तर व्हिसा अधिकाऱ्याला नकाराचं कारण तुम्हीच लिहून दिलंत म्हणायचं.

आत कुणी सोडलं, हा तिसरा प्रश्न मुलांच्या संस्थांच्या बाबतीत फार गंभीर झाला आहे. अनाथाश्रमात काम करायला येणाऱ्या हौशी परदेशी तरुणांमुळे काही देशांत आईबाप असलेली मुलंही ‘अनाथ’ म्हणून आणून ठेवली जातात, कारण मुलं दिसली की देणग्या येतात. ऑस्ट्रेलियाच्या संसदीय समितीनं २०१७ साली या प्रकाराची दखल घेऊन त्याला आधुनिक गुलामीशी जोडलं. तेव्हा मुलांबरोबर काम करणाऱ्याकडे पोलीस पडताळणीचा दाखला मागितला, तर त्यात अपमान वाटण्यासारखं काही नाही.

आणि आपण तरी वेगळे कुठे वागतो? भारतात एखाद्या नोंदणीकृत संस्थेत बिनपगारी काम करायला परदेशी माणूस दीर्घकाळ येणार असेल, तर आपलं सरकार त्याला पर्यटक व्हिसा देत नाही. त्याला एम्प्लॉयमेंट व्हिसा घ्यावा लागतो आणि त्यावर संस्थेचं नाव व कामाचं ठिकाण लिहिलं जातं. ई-टुरिस्ट व्हिसावर बिनमोबदला स्वयंसेवा करता येते, पण जास्तीत जास्त एक महिना. इथे येणाऱ्या जर्मन तरुणाची आपण जी चौकशी करतो, तीच जर्मनीत आपली होते.

देशागणिक नियम वेगळे

सगळ्या जगाला मिळून एक ‘स्वयंसेवक व्हिसा’ नाही. काही देशांत तसा स्वतंत्र प्रकार आहे, काही देश तो तात्पुरत्या नोकरीत धरतात, काही ठिकाणी तो धार्मिक किंवा सांस्कृतिक देवाणघेवाणीत मोडतो. नियम बदलत राहतात, म्हणून अर्जाच्या दिवशी त्या देशाचं अधिकृत संकेतस्थळ पाहावंच लागतं. तरी यामागची तऱ्हा समजायला काही उदाहरणं उपयोगी पडतील.

ब्रिटनमध्ये साध्या व्हिजिटर व्हिसावर नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत ३० दिवसांपर्यंत स्वयंसेवा चालते, पण तो भेटीचा मुख्य हेतू असून चालत नाही. फिरायला गेलात आणि जाता जाता मदत केलीत, एवढीच मुभा. मुख्य हेतूच सेवा असेल तर चॅरिटी वर्कर नावाचा वेगळा व्हिसा आहे. तो जास्तीत जास्त १२ महिन्यांचा. त्यासाठी तिथल्या संस्थेकडे सरकारचा प्रायोजक परवाना असावा लागतो आणि तिनं तुमच्या नावानं प्रायोजकत्वाचा क्रमांक काढावा लागतो. परवाना नसलेल्या संस्थेचं कितीही गोड पत्र आलं तरी ते इथे चालत नाही. भारतातून सहा महिन्यांपेक्षा जास्त काळासाठी जाणाऱ्याला क्षयरोगाची तपासणीही करून घ्यावी लागते, आणि तीही त्यांनी मान्य केलेल्या दवाखान्यातच.

अमेरिकेत मान्यताप्राप्त धार्मिक किंवा ना-नफा संस्थेच्या सेवाकार्यक्रमासाठी बी-१ व्हिसा मिळू शकतो. पगार घेता येत नाही, खर्चापुरता भत्ता चालतो. पण तिथली मोठी अडचण वेगळीच आहे. त्यांच्या कायद्याचं कलम २१४-बी असं मानून चालतं की व्हिसा मागणारा प्रत्येक जण मुळात कायमचा राहायलाच येतोय. तसं नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदाराची. आपल्याकडे आरोपी दोषी ठरेपर्यंत निर्दोष असतो; त्या खिडकीपुढे उलटं. मुलाखत दोन-तीन मिनिटांत आटोपते आणि तेवढ्यात हे गृहीत मोडून काढायचं असतं.

एकच सामायिक व्हिसा चालणाऱ्या युरोपातल्या शेंगेन देशांसाठी कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस, ही मर्यादा महत्त्वाची. त्याहून जास्त राहायचं तर त्या त्या देशाचा राष्ट्रीय व्हिसा लागतो. युरोपियन युनियनच्या २०१६ च्या एका निर्देशानं विद्यार्थी आणि संशोधक यांच्याबरोबर स्वयंसेवकांचाही वर्ग मानला आहे. जर्मनीत २७ वर्षांखालच्या तरुणांसाठी ‘ऐच्छिक सामाजिक वर्ष’ नावाची रीतसर योजना आहे. तिच्यात हातखर्च मिळतो, विमा असतो आणि संस्थेशी लेखी करार होतो. व्हिसासाठी खरं वजन त्या कराराला. आमंत्रणपत्रापेक्षा करार बरा, हे बहुतेक देशांना लागू आहे.

नेपाळला जायचं असेल तर भारतीयांना व्हिसाच लागत नाही. १९५० च्या करारामुळे दोन्ही देशांचे नागरिक एकमेकांकडे राहू शकतात. पहिल्यांदाच बाहेर पडून सेवेचा अनुभव घ्यायचा असेल, तर माझ्या मते लांबच्या देशाआधी याचा विचार करावा. फोटोला आफ्रिकेइतकी दाद मिळणार नाही, हे मान्य.

आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांचा विषय निघाला की पिवळ्या तापाची लस येते. तिचा दाखला लस टोचल्यावर दहा दिवसांनी वैध होतो, आणि एकदा मिळाला की आता आयुष्यभर चालतो. ही लस कोणत्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारमान्य केंद्रातच मिळते. सोलापूरकरांना त्यासाठी सहसा पुण्या-मुंबईला जावं लागतं. दाखला न घेता अशा देशातून परत आलात, तर भारतच तुम्हाला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतो.

आता कोटणीसांनाच आजच्या नियमांत बसवून पाहा. चीनमध्ये पर्यटनासाठी एल, बिगरव्यापारी देवाणघेवाण आणि भेटींसाठी एफ आणि नोकरीसाठी झेड असे व्हिसाचे वेगवेगळे प्रकार आहेत. पथक थोड्या काळासाठी गेलं होतं असं धरलं तर कदाचित एफ चालला असता. पण कोटणीस परतलेच नाहीत. इतर चौघे मायदेशी आले; हे येनानला आणि पुढे युद्धआघाडीवर राहिले, बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले, १९४१ साली क्वो छिंगलान या परिचारिकेशी त्यांनी लग्न केलं आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या ३२ व्या वर्षी तिथेच वारले. व्हिसा अधिकाऱ्याच्या भाषेत सांगायचं तर ‘मुदतीपेक्षा जास्त मुक्काम, हेतूत बदल आणि परत जाण्याचा इरादा नाही’! आजच्या काळात हे सगळं करायला त्यांना वैद्यकीय परवाना, निवासी परवाना आणि विवाहाची कागदपत्रं यांसाठी निदान तीन कार्यालयांचे उंबरे झिजवावे लागले असते.

अर्ज वाचणारा काय शोधतो

अधिकाऱ्याला तुमच्या फाइलला फार वेळ देता येत नाही. तो एक गोष्ट शोधत असतो, जिच्यात सगळे कागद एकच सांगतात. संस्थेच्या पत्रात ‘तीन महिने’, रजेच्या पत्रात ‘एक महिना’ आणि विम्यात ‘दोन महिने’ असेल, तर ती गोष्ट तिथेच तुटते. बहुतेक नकारांमागे खोटेपणा नसतो, विसंगती असते.

तुम्ही परत याल, हे कशावरून? इथे नोकरदाराचं काम सोपं. मालकाचं रजापत्र, पगाराच्या पावत्या, आयकर विवरण. सोलापूरकडच्या अनेक घरांचं मात्र अवघड होतं. घरची ऊस, ज्वारी किंवा डाळिंबाची शेती असते. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून विवरणपत्र भरलेलं नसतं, आणि बराच व्यवहार रोखीनं झालेला असतो. कुणाचे चादरी-टॉवेलचे यंत्रमाग काकांच्या नावावर. माणूस खाऊनपिऊन सुखी, पण कागदावर त्याची मिळकत शून्य. अशा वेळी सातबारा आणि आठ-अ यांचं अधिकृत भाषांतर, साखर कारखान्याची किंवा बाजार समितीची बिलं, त्या बिलांची रक्कम बँकेत जमा झाल्याच्या नोंदी, यंत्रमागाच्या उद्योगाची नोंदणी, कुटुंबातल्या ज्या व्यक्तीनं खर्च उचललाय तिचं नातं सांगणारा दाखला, असे पुरावे एकत्र करावे लागतात. नुसता मराठीतला सातबारा लावला तर परदेशी अधिकाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही.

बँक स्टेटमेंटबद्दल आपल्याकडे एक खुळी समजूत आहे: अर्जाच्या आठवड्यात कुणाकडून तरी दोन-तीन लाख घेऊन खात्यात टाकायचे आणि शिल्लक दाखवायची. अधिकारी शिल्लक नंतर पाहतो, आधी हालचाल पाहतो. सहा महिने चार-पाच हजारांत फिरणारं खातं एका दिवसात फुगलं की पैसा तुमचा नाही हे त्याला लगेच कळतं. त्यापेक्षा खरी, कमी रक्कम आणि ‘राहणं-जेवण संस्थेकडे’ असं स्पष्ट सांगणारं संस्थेचं पत्र जास्त कामाचं.

नावाचा घोळ

आपल्याकडच्या अर्जांत सर्वांत जास्त डोकेदुखी होते ती नावानं. मराठी पद्धतीत स्वतःचं, वडिलांचं आणि घराण्याचं अशी तीन नावं. तेलुगू घरांत आडनाव आधी लिहिण्याची रीत. सोलापुरात या दोन्ही रीती एकाच गल्लीत नांदतात, कधी एकाच घरात, आणि शाळेत, बँकेत, आधारवर त्या त्या कारकुनानं आपापल्या समजुतीनं क्रम लावलेला असतो. जुन्या कागदांवर जन्मस्थळाचं इंग्रजी स्पेलिंग ‘शोलापूर’, नव्यांवर ‘सोलापूर’. लग्नानंतर बाईचं आडनाव बदलतं, मधलं नाव बदलतं, काही घरांत तर पहिलं नावही बदलतात. दहावीचं प्रमाणपत्र एका नावानं, पदवी त्याच नावानं, आधार दुसऱ्या नावानं, आणि तिकडच्या परिषदेला पदवी हवी असते. परदेशी अधिकाऱ्याला ही दोन माणसं वाटली तर त्याचा दोष नाही.

यावर उपाय आहे, पण त्याला वेळ लागतो. विवाह नोंदणी दाखला हा दोन नावांमधला मुख्य पूल. पहिलं नाव बदललं असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदलाची नोंद करून घ्यावी, म्हणजे आपण ज्याला गॅझेट करणं म्हणतो ते. पासपोर्टमध्ये आडनावाची जागा मोकळी सोडू नये. सगळं नाव एकाच रकान्यात असेल तर अमेरिकेच्या व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी ‘नाव अज्ञात’ अशा अर्थाची अक्षरं छापली जातात. संयुक्त अरब अमिरातीनं नोव्हेंबर २०२२ पासून अशा एकनावी पासपोर्टवर पर्यटकांना प्रवेश देणं थांबवलं आहे. दुबईमार्गे पुढे जाणाऱ्यांनीही विमान कंपनीकडे याची आधी चौकशी करावी.

पदव्या आणि दाखले परदेशात मान्य व्हावेत म्हणून त्यांवर अपॉस्टिल हा शिक्का लागू शकतो. हा कागद खरा आहे असं आपल्या परराष्ट्र मंत्रालयानं दिलेलं प्रमाणपत्र म्हणजे अपॉस्टिल. २००५ पासून भारत या आंतरराष्ट्रीय करारात आहे. शिक्क्याआधी राज्याकडून पडताळणी करून घ्यावी लागते, आणि खरा वेळ जातो तो त्यातच.

पोलीस पडताळणीचा दाखला पासपोर्ट सेवेच्या यंत्रणेतूनच मिळतो. सोलापूर जिल्हा पुण्याच्या विभागीय पासपोर्ट कार्यालयाखाली येतो. पासपोर्टवर पत्ता सोलापूरचा आणि तुम्ही राहता पुण्यात हिंजवडीला, असं असेल तर पडताळणी दोन ठिकाणी फिरते आणि दिवस जातात. आधी पत्ता नीट करावा, मग दाखल्याचा अर्ज करावा.

चौकट : संस्थेला आधी विचारायचे प्रश्न

• तुमच्याकडे याआधी भारतातून आलेले स्वयंसेवक कोणत्या प्रकारच्या व्हिसावर आले होते?
• परदेशी स्वयंसेवक घेण्याचा सरकारी परवाना किंवा नोंदणी तुमच्याकडे आहे का? क्रमांक काय?
• कामाचं स्वरूप, तास, पत्ता, तारखा आणि देखरेख करणारी व्यक्ती यांचा लेखी करार देता का?
• राहणं, जेवण, विमा, स्थानिक प्रवास यांतला कोणता खर्च तुमचा, कोणता माझा?
• माझ्या व्यवसायासाठी स्थानिक नोंदणी लागते का? ती कोण करून देणार?
• व्हिसा मिळाला नाही तर भरलेल्या शुल्काचं काय?

‘टुरिस्टवर जा, कोण विचारतंय!’

हा सल्ला देणारे चिकार भेटतात. दलाल देतात, आधी जाऊन आलेले देतात आणि दुःखाची गोष्ट म्हणजे कधी कधी खुद्द परदेशी संस्थाही देतात. पर्यटक व्हिसा लवकर मिळतो, स्वस्त पडतो, कित्येक देशांत घरबसल्या निघतो. म्हणून मोह होतो.

पण व्हिसा मिळणं आणि देशात प्रवेश मिळणं या दोन गोष्टी आहेत. शेवटचा निर्णय विमानतळावरच्या अधिकाऱ्याचा असतो. ‘फिरायला आलोय’ म्हणणाऱ्याच्या बॅगेत संस्थेचं पत्र, पांढरा कोट आणि मोबाइलमध्ये समन्वयकाचे मेसेज सापडले, तर पुढच्या विमानानं परत. तेवढ्यावर भागलं तर नशीब. ब्रिटनमध्ये अर्जात फसवणूक ठरली तर दहा वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते. अमेरिकेत महत्त्वाची बाब खोटी सांगितल्याचं ठरलं, तर प्रवेशाला कायमची मनाई होऊ शकते. शेंगेन देशांची व्हिसा माहिती एकाच सामायिक यंत्रणेत साठते, त्यामुळे एका देशातला नकार दुसऱ्याला दिसतो. आज तीन महिन्यांच्या सेवेसाठी मारलेली थाप उद्याच्या उच्चशिक्षणाच्या आड येते. आणि कामावर अपघात झाला, तर पर्यटकाचा प्रवासविमा कामाच्या जागेवरची इजा भरून देईलच असं नाही.

वेळेचं गणित

माणसं पासपोर्ट-तिकिटापासून सुरुवात करतात आणि व्हिसाला शेवटी येतात. क्रम उलटा हवा. आधी संस्थेकडून व्हिसाचा प्रकार, मग नाव-पत्ता दुरुस्त, मग पोलीस दाखला आणि अपॉस्टिल, मग भेटीची वेळ, आणि परत न मिळणारं तिकीट सर्वांत शेवटी. बहुतेक देशांना परतीच्या तारखेनंतर काही महिने मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट लागतो. सहा महिने शिल्लक ठेवली की सहसा प्रश्न येत नाही.

शेंगेनच्या अल्पमुदतीच्या व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि निदान १५ दिवस आधी करावाच लागतो. निर्णयाला एरवी १५ दिवस लागतात, पण शंका आली तर ४५ पर्यंत जाऊ शकतात. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. बोटांचे ठसे ५९ महिने चालतात, म्हणून पूर्वी दिले असतील तर तसं सांगावं. ठसे द्यायला किंवा मुलाखतीला सोलापूरकराला पुणे किंवा मुंबई गाठावी लागते. फेब्रुवारी २०२३ पासून वंदे भारतमुळे मुंबईची खेप एका दिवसात होऊ शकते, पण भेटीची वेळ सकाळी नऊची असेल तर आदल्या दिवशी मुक्कामाला जाणंच शहाणपणाचं.

नकार आलाच तर

आधी पत्र शांतपणे वाचा. शेंगेनच्या नकारपत्रात ठरावीक कारणांपुढे खुणा केलेल्या असतात: हेतू पटला नाही, पैशांचा पुरावा अपुरा, परत जाण्याबद्दल शंका. ज्या कारणापुढे खूण आहे त्याचंच उत्तर द्यायचं असतं. त्यावर अपील करता येतं; मुदत आणि पद्धत पत्रातच लिहिलेली असते. अमेरिकेच्या २१४-बी नकारावर अपील नाही, पण परिस्थिती बदलली असेल तर पुन्हा अर्ज करता येतो. २२१-जी असं लिहिलेलं पत्र मिळालं तर बहुतेक वेळा कागद कमी पडलेत किंवा तपासणी बाकी आहे असा त्याचा अर्थ. घाबरून दुसरा अर्ज करण्याआधी मागितलेले कागद द्यावेत.

तोच अर्ज, तेच कागद घेऊन पुन्हा खिडकीशी गेलात तर पुन्हा तेच उत्तर मिळतं. शुल्क मात्र दोनदा जातं, आणि ते परत मिळत नाही. काहीतरी बदललेलं असायला हवं: नवा करार, योग्य प्रकार, दुरुस्त नाव, स्पष्ट तारखा. पुढच्या प्रत्येक अर्जात ‘पूर्वी व्हिसा नाकारला गेला होता का’ असा प्रश्न येतो. तिथे ‘हो’ लिहा आणि एका ओळीत कारण द्या. एकदा झालेल्या नकारामुळे पुढची वाट बंद होत नाही. तो लपवला तर होऊ शकते.

आणि चौकटीतल्या पहिल्या प्रश्नाला एखादी संस्था ‘टुरिस्ट म्हणून या, बाकीचं आम्ही बघतो’ असं उत्तर देत असेल, तर तिथे जाऊ नका. दुसरी संस्था शोधा.